दिवाणी दाव्यात कागद कधी आणि कसे दाखल करायचे? (सिटी सिव्हिल कोर्ट, दिंडोशी)

सायली_बोरिवली:

मंडळी, नमस्कार. बोरिवलीतल्या आजोबांच्या फ्लॅटमध्ये आईला तिचा हिस्सा मिळावा म्हणून दिंडोशीला दावा चालू आहे. प्रतिवादी माझे सख्खे मामा. आजोबा मृत्युपत्र न करता गेले. आता मामांची कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) आली आहे. त्यात ते म्हणतात की आजोबांच्या हयातीतच घरगुती वाटणी झाली होती आणि आईने सही करून हक्क सोडला होता. त्या कागदाची झेरॉक्स त्यांनी जोडली आहे. मूळ कागद आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही. आई म्हणते, असा कुठलाही कागद मी केलेला नाही.

आमच्याकडे असलेले कागद असे: इंडेक्स टूची (नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या नोंदीच्या उताऱ्याची) प्रत, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स (मूळ मामांकडे), आजोबांच्या हस्ताक्षरातली एक वही, मामांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज ज्यात ते "तुझा हिस्सा देतो, थोडं थांब" असं म्हणतात, आणि नुकतंच कपाटात सापडलेलं एक जुनं पासबुक ज्यात फ्लॅटच्या हप्त्यांच्या नोंदी आहेत. वादपत्रासोबत पासबुक सोडून बाकीच्यांच्या झेरॉक्स लागल्या आहेत. मुद्दे (कोर्टाने निवाडा करायचे वादाचे प्रश्न) अजून निघालेले नाहीत. वकील म्हणाले मूळ कागद तयार ठेवा, पण ते फार घाईत असतात, जास्त विचारता आलं नाही. पासबुकाला उशीर झाला का? आणि मूळ वही कोर्टात देऊन टाकायची का? आईचा जीव त्या वहीत आहे.

जुना_शिरस्तेदार:

सायलीताई, नोकरीची सगळी वर्षं मी दिवाणी कोर्टाच्या कचेरीत काढली, कागद स्वीकारणाऱ्या खिडकीच्या आतल्या बाजूला. या एका बाबतीत लोकांचं नुकसान होताना फार पाहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कागद दाखल झाला, की पक्षकार निर्धास्त होतो. खरं तर दाखल होणं ही फक्त पहिली पायरी. पुढे साक्षीदाराने शपथेवर तो ओळखायचा, मग न्यायाधीशांनी तो पुराव्यात घेऊन त्याला निशाणी (एक्झिबिट) क्रमांक द्यायचा. जोडलेल्या झेरॉक्सला निशाणी पडली नाही, तर निकाल लिहिताना तिचा उपयोग होत नाही. समोरच्याने कागद कबूल केला तर गोष्ट वेगळी, आणि ती कबुली मागण्याचीही रीत आहे, खाली सांगतो.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ रूल १४ प्रमाणे वादी ज्या कागदावर दावा उभा करतो किंवा ज्याचा आधार घेतो, तो यादीत लिहून वादपत्रासोबतच हजर करावा लागतो. जो कागद आपल्या ताब्यात नाही तो कुणाकडे आहे, हेही शक्य असेल तिथे सांगायचं. म्हणून तुमच्या यादीत "मूळ शेअर सर्टिफिकेट प्रतिवादीच्या ताब्यात" अशी नोंद आहे का, ते आजच पाहा. पुष्कळ याद्यांत नुसतं "शेअर सर्टिफिकेटची प्रत" एवढंच असतं, आणि साक्षीच्या वेळी समोरचे वकील विचारतात, मूळ कुठे आहे? तेव्हा पहिल्यांदा सांगितलेलं कारण आणि पहिल्या दिवसापासून यादीत असलेलं कारण, यांचं वजन सारखं नसतं.

पासबुक यादीत नव्हतं, म्हणून आता ते आपोआप घेतलं जाणार नाही. त्याच रूलच्या पोटनियम ३ प्रमाणे कोर्टाची परवानगी लागते. पण मुद्दे निघायचे आहेत, साक्ष सुरू झालेली नाही, तेव्हा घाबरू नका. अर्ज आणि सोबत आईचं प्रतिज्ञापत्र द्या: पासबुक कुठे सापडलं, कधी सापडलं, आधी का मिळालं नाही, आणि दाव्याशी त्याचा संबंध काय. "नजरचुकीने राहून गेले" या तीन शब्दांवर अर्ज टाकू नका. कपाट कुणाचं, ते कशासाठी उघडलं, हे खरं खरं लिहा. या टप्प्यावर कोर्ट सहसा परवानगी देतं, फार तर थोडा खर्च बसवतं. हाच अर्ज आईची उलटतपासणी झाल्यावर केला, तर त्यातून पळवाट शोधल्याचा वास येतो, आणि तो वास घालवणं कठीण.

मूळ कागदांबद्दल ऑर्डर १३ रूल १ स्पष्ट आहे. ज्यांच्या प्रती आधी लावल्या आहेत त्यांचे मूळ मुद्दे ठरण्याच्या दिवशी किंवा त्याआधी हजर करायचे. त्या तारखेच्या आत सगळं एका फाइलमध्ये लावून तयार ठेवा.

आता हाताने करायची कामं. वहीचं पान फाडून लावू नका. हे मी कळकळीने सांगतो. सुट्टं पान कधीही लिहिता येतं, असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते. अख्खी वही, तिची शिवण, मागची-पुढची पानं, शाई कुठे बदलली, या सगळ्यावरून वही खरी ठरते. प्रती फक्त कामाच्या पानांच्या काढा, पण वही अखंड ठेवा. हस्ताक्षर जुनं आणि पुसट असेल तर त्या पानांची टाइप केलेली प्रतही सोबत लावा. सिटी सिव्हिल कोर्टाचं कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालतं, तेव्हा मराठी मजकुराचं इंग्रजी भाषांतर करून घ्या.

प्रत काढताना डावीकडे भरपूर समास सोडा. पासबुकाच्या झेरॉक्समध्ये तारखेचा रकाना अगदी कडेला असतो. फाइलला छिद्रं पाडून टॅग ओवला, की भोक नेमकं तारखेवर येतं आणि न्यायाधीशांना हप्ता दिसतो, वर्ष दिसत नाही. थोडी लहान करून प्रत काढा, म्हणजे रकाना पानाच्या आत येईल.

पाने क्रमाने, प्रत्येक पानावर आकडा, वर अनुक्रमणिका, शेवटी डॉकेट (दाव्याचं नाव-क्रमांक लिहिलेलं मागचं पान). अनुक्रमणिकेतलं पान आणि आतलं पान जुळलं नाही, की खिडकीवरून हरकत निघते. जितके प्रतिवादी तितक्या जास्तीच्या प्रती लागतात, शिवाय स्वतःसाठी एक. त्या एकीवर कचेरीचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

वकील_धोबीतलाव:

काकांचं बहुतेक सगळं बरोबर आहे. एका ठिकाणी मुंबईतली प्रत्यक्ष रीत थोडी वेगळी आहे ती सांगतो, नाहीतर ताईंचा गोंधळ होईल. ऑर्डर १३ मूळ कागद मुद्द्यांच्या आधी मागते, हे खरं. पण इथे वादपत्राला वकिलाच्या सहीने "ट्रू कॉपी" म्हणून प्रती लागतात, मूळ कागद बरेचदा वकिलाकडेच राहतात, समोरच्याला तपासणीसाठी दाखवले जातात, आणि साक्षीच्या वेळी कंपायलेशन (कागदांचा एकत्र संच) करून कोर्टापुढे ठेवले जातात. म्हणून तुमचे वकील "तयार ठेवा" म्हणाले असतील. वही आज देऊन टाकायची का, हे त्यांना थेट विचारा. वही कोर्टातच राहावी असं ठरलं तर ती बंद पाकिटात सुरक्षित ठेवावी असा अर्जही करता येतो.

तुम्ही कुणी विचारलेला नाही पण सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा म्हणजे मामांचा तो वाटणीचा कागद. त्यांनाही तोच नियम आहे, फक्त तो ऑर्डर ८ रूल १ए मध्ये. कैफियतीसोबत प्रत लावली, आता मूळ दाखवायलाच हवा. ऑर्डर १२ रूल ८ खाली मूळ हजर करण्याची नोटीस त्यांच्या वकिलांना लेखी द्या. शेअर सर्टिफिकेटसाठीही अशीच नोटीस द्या. याचे दोन फायदे. नोटीस देऊनही त्यांनी शेअर सर्टिफिकेट आणलं नाही, तर तुमची झेरॉक्स दुय्यम पुरावा म्हणून पुढे करायची वाट मोकळी होते. आणि नोटिशीनंतर दडवलेला कागद पुढे स्वतःच्या सोयीने काढून वापरायचा म्हटला, तर त्यांना तुमची संमती किंवा कोर्टाचा आदेश लागतो.

आणि तो मूळ कागद आलाच, तर पहिल्या क्षणी मुद्रांकाची हरकत घ्या. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम १९५८ च्या कलम ३४ प्रमाणे पुरेसा मुद्रांक नसलेला दस्त पुराव्यात घेता येत नाही, आणि कलम ३३ प्रमाणे तो जप्त करून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतो. पण कलम ३५ असंही सांगतं, की दस्त एकदा पुराव्यात घेतला गेला तर त्या दाव्यात मुद्रांकाच्या कारणाने तो पुन्हा वादात आणता येत नाही. म्हणजे निशाणी पडताना तुमचे वकील गप्प राहिले, तर ती हरकत गेली. शुल्क आणि दंड भरून त्यांना मुद्रांकाचा दोष दुरुस्त करता येतो, हेही धरून चाला. त्याच कागदाने हक्क सोडला असेल तर नोंदणीचा प्रश्नही येतो. आधी तोंडी झालेल्या वाटणीची नुसती आठवण म्हणून लिहिलेल्या कागदाला नोंदणी लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने काळे विरुद्ध डेप्युटी डायरेक्टर ऑफ कन्सॉलिडेशन या १९७६ च्या निकालात सांगितलं आहे. मामांचे वकील तोच धागा पकडतील. म्हणून कागदाची भाषा नीट वाचा. "आजपासून हक्क सोडते" असं लिहिलंय की "पूर्वी वाटणी झाली होती" असं, यावर बरंच अवलंबून आहे.

पार्लेकर_माधवी:

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या घरच्या दाव्यात मेसेजचे नुसते स्क्रीनशॉट छापून लावले होते, आणि साक्षीच्या दिवशी समोरच्यांनी पहिली हरकत त्यावरच घेतली. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. सुप्रीम कोर्टाचा २०२० चा अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा निकाल आमच्या वकिलांनी दाखवला होता. प्रकरण जालन्याच्या निवडणुकीचं, पण नियम सगळ्यांना लागू: मूळ उपकरण स्वतः हजर केलं नाही तर प्रमाणपत्र हवंच. सायली, मेसेज आईच्या फोनवर आहेत ना? तो फोन विकू नका, रीसेट करू नका, आणि नवा घेतलात तरी जुना चार्ज करून जपून ठेवा.

वकील_धोबीतलाव:

माधवीताई, अगदी योग्य. त्यात एक भर. १ जुलै २०२४ पासून भारतीय पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ आला. जुन्या कलम ६५बी ऐवजी आता कलम ६३. त्याच्या परिशिष्टात प्रमाणपत्राचा नमुना दिलेला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत: भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश किंमतही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) लिहायची असते. मात्र त्या तारखेआधीपासून प्रलंबित असलेल्या दाव्यांना जुनाच कायदा लागू राहतो. सायलीताई, दावा कधी दाखल झाला त्यावर कोणतं प्रमाणपत्र ते ठरेल. आणि स्क्रीनशॉट एकच नको. ज्या दिवशीचा मेसेज आहे त्याच्या आधीचं आणि नंतरचं संभाषणही छापा. संदर्भ तोडून एकच ओळ पुढे केली, की ती बनावट असल्याचा आरोप व्हायला वेळ लागत नाही.

सायली_बोरिवली:

खूप आभार सगळ्यांचे. काका, यादी काढून पाहिली. शेअर सर्टिफिकेट मामांकडे असल्याचं यादीत नाही, पण वादपत्राच्या मजकुरात तसं लिहिलेलं आहे. चालेल का? आणि प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर आणा असं कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने सांगितलं.

जुना_शिरस्तेदार:

मजकुरात आहे तर पाया भक्कम आहे. तरीही पासबुकाच्या अर्जासोबत जी नवी यादी द्याल, तिच्यात ही नोंदही घाला.

स्टॅम्प पेपर आणू नका. कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने २००४ मध्येच माफ केलेलं आहे. साध्या कागदावर टाइप करा. तिकिटं वेगळी: अर्जाला नियमाप्रमाणे कोर्ट फी लागते, वकालतनाम्याला वकील कल्याण निधीचं तिकीट लागतं. त्याचा आणि स्टॅम्प पेपरचा संबंध नाही. साधी माणसं तारखेच्या सकाळी असे पैसे घालवतात हे पाहून मला नेहमी वाईट वाटत आलं आहे.

कागदाच्या आकाराबद्दलही सांगतो. आमच्या वेळी लीगल साइजचा हिरवा लेजर पेपर आणि एकाच बाजूने टाइप, ही शिस्त होती. सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे ए-फोर, किमान ७५ जीएसएमचा कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई सुरू केली. मुंबईतही आता ए-फोर रुळला आहे. झाडं वाचतात, आणि रेकॉर्ड रूमची जागाही वाचते. मला हा बदल मनापासून आवडला.

लालबागचा_चाळकरी:

धागा वाचतोय. आमचा प्रश्न थोडा वेगळा. पागडीची खोली, मालकाने घर रिकामं करण्याचा दावा लावलाय, स्मॉल कॉजेस कोर्टात, धोबीतलावला. आम्ही प्रतिवादी. वडिलांच्या नावाच्या भाडेपावत्यांचं बोचकं आहे, काही पावत्या चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या. त्यावर सही करणारे जुने मेहता कधीच वारले. त्या पावत्या कोण शाबीत करणार?

वकील_धोबीतलाव:

दादा, तुम्हाला कायद्याचा चांगला आधार आहे. ३० वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला, म्हणजे भाडेकरूच्या घरातून भाडेपावती यावी तसा, तर त्यावरची सही आणि अक्षर खरं आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं. जुन्या कायद्यात कलम ९०, नव्यात ९२. म्हणून पावत्या कुणाच्या पेटीतून आल्या हे तुमच्या प्रतिज्ञापत्रात यायला हवं. तीस वर्षांच्या आतल्या पावत्यांना ती सोय नाही. तिथे सही ओळखणारा साक्षीदार लागेल, किंवा मालकाची कबुली.

कबुलीसाठी ऑर्डर १२ रूल २ ची नोटीस द्या: "सोबतच्या यादीतले कागद कबूल आहेत की नाहीत ते सांगा." कबूल केलेल्या कागदाला साक्षीदार लागत नाही. कारण नसताना नाकारले आणि पुढे शाबीत झाले, तर शाबीत करण्याचा खर्च नाकारणाऱ्यावर येतो. ही नोटीस फार कमी पक्षकार देतात. मला वाटतं निम्मी साक्ष तिथेच वाचते.

पावत्या वर्षाप्रमाणे लावा, वर्षाला एक पान, पानावर चार-पाच चिकटवा. मालकाने भाडं घ्यायचं बंद केलं असेल तर मनीऑर्डरच्या पावत्या आणि परत आलेली कुपनं वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा. दावा थकबाकीवर असेल तर हाच गठ्ठा तुमचं घर वाचवणारा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १५ प्रमाणे मागणीची लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस गेल्याशिवाय थकबाकीसाठी दावाच लावता येत नाही, तेव्हा मालकाची नोटीस आणि ती मिळाल्याचा लिफाफाही जपा. लिफाफ्यावरचा पोस्टाचा शिक्का म्हणजे तारखेचा पुरावा. लोक नोटीस ठेवतात आणि लिफाफा टाकून देतात.

लालबागचा_चाळकरी:

लिफाफा आहे! आईने जपून ठेवलाय. धन्यवाद साहेब.

अंधेरीचा_व्यापारी:

हे सगळं ऐकून थोडा दिलासा वाटला, पण आमच्या व्यापारी दाव्यात वकिलांनी सांगितलं की इतकी सवलत मिळत नाही. खरं का?

वकील_धोबीतलाव:

खरं. कमर्शियल कोर्ट्स अ‍ॅक्ट २०१५ खालच्या दाव्यात ऑर्डर ११ पूर्ण बदलली आहे. आपल्या ताब्यातले, दाव्याशी संबंध असलेले सगळे कागद वादपत्रासोबतच उघड करायचे, सोबत सत्यापनाचं विधान. आपल्याविरुद्ध जाणारा कागद असला तरी तो लपवता येत नाही. तातडीच्या दाव्यात नंतर कागद जोडायची मुभा मागितली तर दाखल केल्यापासून ३० दिवस. त्यानंतर वाजवी कारण दाखवून कोर्टाची परवानगी मिळाली तरच. कैफियतीला १२० दिवसांची शेवटची मर्यादा, तिच्यापुढे कोर्टालाही वाढवता येत नाही. साध्या दाव्यात ३० दिवस, वाढवून एकूण ९० दिवसांपर्यंत आहेत, पण सुप्रीम कोर्टाने २००५ च्या सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशन निकालात ती मुदत अगदी पोलादी नाही असं म्हटलं. व्यापारी दाव्यात ती पोलादीच आहे. म्हणून इन्व्हॉइस, चलन, ई-मेल, डिलिव्हरीच्या पावत्या दावा लावण्याआधी गोळा करा.

सायली_बोरिवली:

शेवटचा प्रश्न. पासबुक बँकेचंच आहे, तर त्यासाठी वेगळं काही? आणि दावा संपल्यावर वही परत मिळते ना? आई दोनदा विचारून गेली.

जुना_शिरस्तेदार:

पासबुक ठेवाच, पण बँकेच्या शाखेत अर्ज देऊन त्या काळातला खातेउतारा बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट १८९१ प्रमाणे प्रमाणित करून मिळतो का पाहा. तसा उतारा मिळाला तर बँकेच्या माणसाला साक्षीला बोलावायची गरज सहसा राहत नाही. फार जुनी वर्षं असतील आणि बँक म्हणाली नोंदी उरल्या नाहीत, तर तेही लेखी घ्या. मग पासबुकाचं महत्त्व आणखी वाढतं.

वही परत मिळते. आईंना निश्चिंत करा. ऑर्डर १३ रूल ९ आहे. दावा निकाली निघाला आणि अपिलाची मुदत संपली, किंवा अपील झालं असेल तर तेही संपलं, की ज्याने कागद हजर केला त्याने अर्ज करून परत घ्यायचा. त्याआधीही मिळू शकतो, पण मग प्रमाणित नक्कल रेकॉर्डला ठेवावी लागते आणि कोर्ट म्हणेल तेव्हा मूळ पुन्हा आणू असं लिहून द्यावं लागतं. घेताना पावती द्यावी लागते. वहीवर दाव्याचा क्रमांक, हजर करणाऱ्याचं नाव, तारीख आणि न्यायाधीशांची सही असा शेरा असेल, तो तसाच राहू द्या, खोडू नका.

अर्ज वेळेवर करायला मात्र विसरू नका. निकालानंतर लोक कागद न्यायला येतच नाहीत. रेकॉर्ड रूममध्ये मी खरेदीखतं पाहिली आहेत, लग्नपत्रिका पाहिल्या आहेत, एका आजीचं मूळ जन्मनोंदीचं पान पाहिलं आहे. कोणी मागायला आलं नाही. तुमच्या वकिलांच्या फाइलवर आत्ताच एक चिठ्ठी लावा: निकालानंतर वही परत घेण्याचा अर्ज.